आम्हाला कायदा पाठ होता

आमचं अभ्यासमंडळ दोघांचं होतं. दोघांचं मंडळ होत नाही हे मलाही कळत होतं, पण वर्गात तिसरा कुणी आमच्या लायकीचा आहे असं आम्हाला वाटत नव्हतं. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मी बी.कॉम. होऊन वकिलीच्या वर्गात नाव घातलं होतं. माझ्या मित्राचे मामा बदलीवर नागपूरला गेले होते आणि नारायण पेठेत वह्या-पेनांच्या दुकानाच्या माडीवर त्यांची खोली रिकामी होती. तिथे आम्ही रोज दुपारी बसायचो आणि स्वतःला हुशार म्हणवून घ्यायचो. म्हणवून घ्यायला दुसरं कुणी नसल्यामुळे ते काम एकमेकांचं एकमेकांनी करायचं.

मित्राकडे चार रंगीत पेन्सिली होत्या. लाल कलमांच्या आकड्यांना, निळी व्याख्यांना, हिरवी अपवादांना आणि पिवळी खटल्यांच्या नावांना. सहा महिन्यांत त्याच्या गाइडचं प्रत्येक पान रंगपंचमीच्या सदऱ्यासारखं झालं होतं. गाइड म्हणतोय ते मुद्दाम. मूळ कायद्याचं पुस्तक आमच्या खोलीत नव्हतं. ते वाचायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तर जेवणाऱ्याला शेतात पाठवावं तसा तो चावटपणा वाटला असता.

पद्धत अशी, की एकाने गाइड धरायचं आणि दुसऱ्याने म्हणायचं. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मधे टेबलावर गजराचं घड्याळ. कराराची व्याख्या मित्र एका दमात म्हणायचा. मला मधे एकदा श्वास घ्यावा लागे आणि त्याबद्दल तो मला कमी समजत असे. करार वैध व्हायला ज्या गोष्टी लागतात त्यांची आद्याक्षरं जोडून आम्ही एक शब्द बनवला होता. त्या शब्दाला काही अर्थ नव्हता. खरं सांगायचं तर आमच्या तोंडी करारालाही नव्हता.

कॉलेज सकाळी सातला भरे. फौजदारी कायदा शिकवणारे सर एक वही घेऊन यायचे. ती वही आमच्यापेक्षा वयाने मोठी होती. ते सांगत, आम्ही लिहीत. एकदा वाचता वाचता ते त्याच सुरात "पान उलटा" असंही म्हणाले आणि निम्म्या वर्गाने ते लिहून घेतलं. माझी वही अजून आहे. त्यात चोरीच्या व्याख्येनंतर 'पान उलटा' असं स्वच्छ अक्षरात आहे.

वर्गात चाळिशीकडे झुकलेल्या एक बाई होत्या. बिबवेवाडीहून बसने यायच्या. तेव्हा बिबवेवाडीत शेती होती. भाजीपाला निघायचा आणि मंडईत यायचा. त्यांच्या घरचीही मेथी-कोथिंबीर असे. लग्नानंतर दोन मुलांची आई होऊन त्यांनी बाहेरून बी.ए. केलं होतं. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत शाळकरी मुलांची रेघांची वही. वर्ग त्यांना काकू म्हणे. त्यात आदर नव्हता; आमच्या वर्गात ज्या शब्दांत आदर असायचा ते सगळे शब्द इंग्रजी होते.

काकू पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आल्या त्या चोरीच्या तासाला. सरांनी व्याख्या सांगितली: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणे. काकू उभ्या राहिल्या.

"सर, झाडावरचा पेरू तोडून नेला तर चोरी हाय का?"

वर्ग हसला. सरांनी वहीत बोट ठेवून वर पाहिलं.

"म्हणजे काय?"

"झाड काय हलत न्हाई. मग झाडावरचा पेरू जंगम कसा म्हनायचा? तोडल्यावर जंगम झाला, तर तवर तो चोराच्याच हातात हाय. मग ताबा कुनाचा?"

सरांनी वहीत खालीवर शोधलं. मग म्हणाले, "पेरू परीक्षेला नाही. बसा."

आमच्या खोलीत त्या दुपारी आम्ही ते वाक्य चार वेळा म्हटलं आणि चार वेळा हसलो. मित्राने पेरूवर एक कविताही केली. ती वाईट होती, पण दाद द्यायला मी होतोच.

तीन दिवसांनी काकूंनी तास संपल्यावर मला जिन्यात थांबवलं. त्यांच्या हातात सरकारी छपाईचं मूळ कायद्याचं जुनं पुस्तक होतं, पानं सुटत आलेलं. "दादा, हे बघा की. व्याख्येच्या खालीच लिवलंय. जमिनीला चिकटलेली वस्तू तवर चोरीची होत न्हाई, तोडली की होती. आन् तोडायची आन् न्यायची क्रिया एकच आसली तरी चोरीच धरायची. पेरवाचं उत्तर हितंच हुतं."

मी पाहिलं. खरंच तिथे होतं. व्याख्येखालचं पहिलं आणि दुसरं स्पष्टीकरण. आमच्या गाइडने ते गाळलं होतं, कारण गेली कित्येक वर्षं ते परीक्षेत आलं नव्हतं. मी म्हणालो, "हो, असेल," आणि निघून आलो. मित्राला सांगितलं, तर त्याने विचारलं, "कितवं कलम?" मी म्हणालो, "तेच." तो म्हणाला, "मग ते आपलं झालंय."

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. मित्र पहिला, मी दुसरा, आणि काकू दोन विषयांत नापास. आम्हाला त्यात न्याय दिसला. त्यांनी पेपर मराठीतून लिहिले होते. तशी मुभा होती. मुभा असलेली गोष्ट करणाऱ्याची कीव करायची, ही आमच्या वर्गाची रीत होती.

जूनमध्ये एक दिवस दुपारी काकू माडीचा जिना चढून आल्या. पत्ता कुणी दिला देव जाणे. दारात चपला काढल्या, आत आल्या, चार पेन्सिलींकडे आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "मला पेपर लिवायला शिकवा."

मित्र खुर्चीत मागे रेलला. त्याला कुणी शिकवा म्हटलं की तो असा रेलत असे. "काकू, तुम्ही काय लिहिलं होतं?"

"मला जे समजलं ते."

"तिथेच चुकलं," मित्र म्हणाला. "तपासणाऱ्याकडे वेळ नसतो. त्याला व्याख्या पाहिजे, शब्दाला शब्द. मग चार मुद्दे. प्रत्येकाखाली रेघ. दोन खटल्यांची नावं. मग निष्कर्ष."

"खटल्यात काय झालं ते लिवायचं न्हाई?"

"नाव पुरे."

"आन् खटला त्या प्रश्नाचा नसला तर?"

मित्र हसला. "नाव पुरे म्हटलं ना."

तीन आठवडे त्या आल्या, आठवड्यातून दोनदा. त्यांना शिकवणं हा मोठेपणा आम्ही करत होतो आणि तो कुणी पाहत नाही याचं आम्हाला वाईट वाटत होतं. काकू घरी मेथीच्या जुड्या बांधता बांधता पाठ करायच्या. चौथ्या आठवड्यात त्यांनी करारापासून पुराव्यापर्यंतच्या सगळ्या व्याख्या धडाधडा म्हणून दाखवल्या, मित्राच्या घड्याळाच्याही आधी. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "हे येवढंच हुतं होय? मला वाटलं काय तरी अवघड आसंल."

मित्राला ते झोंबलं. "काकू, याला पोपटपंची म्हणून नावं ठेवू नका. पाया आहे हा."

"न्हाई वो," काकू शांतपणे म्हणाल्या. "पोपटाला निदान पेरू कळतो."

हे त्यांनी हसून म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि आमच्यामधल्या टेबलावर ठेवला. गजराचं घड्याळ त्यासाठी त्यांनी बाजूला सरकवलं.

"आता तुमी मला येवढं सांगा."

ते साठेखत होतं, म्हणजे पुढे जमीन विकण्याचा करार. बिबवेवाडीतलं त्यांचं वावर काकूंचे पती आणि थोरले दीर या दोघा भावांच्या नावावर होतं. सातबाऱ्यावर दोघांचीही नावं. पण साठेखतावर सही एकट्या थोरल्या दिरांची होती, 'कुटुंबाचा कर्ता' म्हणून. पलीकडे सही एका बांधकामवाल्याची. काकूंच्या पतीला हे कळलं ते गावात दुसऱ्याच्या तोंडून.

"वावर गेलं का ऱ्हायलं?" काकूंनी विचारलं.

मित्र ताठ बसला. मालमत्ता हस्तांतरण हा आम्हा दोघांचाही हातखंडा विषय. त्याने विक्रीची व्याख्या म्हटली. मग विक्रीच्या कराराची म्हटली. कलमाचा आकडा, पोटकलम, सगळं बिनचूक.

"म्हंजे गेलं का न्हाई?"

"ते परिस्थितीवर अवलंबून आहे."

"परिस्थिती तुमच्या हातात दिलीय की."

मित्राने कागद माझ्याकडे सरकवला. मी तो वाचला, म्हणजे त्यावरून नजर फिरवली. त्या विषयात मला वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळणार हे मला तेव्हाही माहीत होतं आणि पुढे ते मिळालेही. पण त्या साध्या मराठी कागदावरून एका बाईचं शेत तिचं आहे की नाही हे मला सांगता येईना. मी म्हणालो, "वकिलाला दाखवा."

"दाखवीन की," काकू म्हणाल्या, आणि कागद घडी करून पिशवीत टाकला. "तवर कोर्टात येता का बसायला? मी जाती, गुरुवारी."

मित्र म्हणाला त्याला वेळ नाही. मी गेलो. त्यात जिज्ञासा वगैरे काही नव्हती. मला फक्त त्या खोलीतून सुटायचं होतं.

शिवाजीनगरच्या कोर्टात काकू मागच्या बाकावर बसायच्या. शिपाई त्यांना ओळखत होता; बहुधा कुठल्या तरी खटल्यातली पक्षकार समजत होता. त्यांची रेघांची वही मी तिथे पहिल्यांदा नीट पाहिली. एका खटल्याला एक पान. वर दोन्ही बाजूंची माणसं कोण. खाली काय झालं. मग प्रत्येक जण काय मागतोय. मग त्याच्याकडे कागद कुठला आहे. आणि सगळ्यात खाली 'मला वाटतं' असं लिहून त्यापुढे आपला निकाल. त्याखाली जागा कोरी. खऱ्या न्यायाधीशाचा निकाल लागला की तो तिथे लिहायचा, मग तारीख चार महिन्यांनी पडो. स्वतःचा निकाल चुकला असेल त्या पानाचा कोपरा मुडपलेला. बरीच पानं मुडपलेली होती.

"बरोबर आलेली पानं मी उघडत न्हाई," त्या म्हणाल्या. "चुकलेलं पान घेऊन घरी जायाचं. मूळ पुस्तक काढायचं आन् आपन कुटं घसरलो ते सापडंपत्तुर वाचायचं."

"आणि मग?"

"मग मालकांना सांगायचं."

हे मालक म्हणजे त्यांचे पती. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला बिबवेवाडीला नेलं. विहिरीवरून पाट सोडला होता आणि ते गृहस्थ खोऱ्याने वाफ्याचं तोंड फोडत होते. मला पाहून त्यांनी रामराम केला आणि काम चालू ठेवलं. काकू बांधावर उभ्या राहून गुरुवारचा खटला सांगू लागल्या. एका माणसाने शेत विकायचा करार केला, घेणाऱ्याला ताबा दिला, खरेदीखत केलंच नाही, आणि आता तो ताबा परत मागतोय. गोष्ट सांगावी तसं. पती ऐकत होते, पाणी वळवत होते आणि मधेच विचारत होते. "कागद कुनाकडं हुता?" "त्यानं करारातलं त्याचं काम पुरं केलं का?" "मग पहिला आता का जागा झाला?" प्रत्येक प्रश्न असा, की आदल्या गुरुवारी न्यायाधीशांनीही जवळपास तोच विचारला होता.

मग काकू मला म्हणाल्या, "आता ह्यो घेनारा का जिंकंल ते तुमी सांगा."

मला येत होतं. मी म्हणालो, "अंशतः अंमलबजावणीच्या तत्त्वानुसार प्रतिवादीचा ताबा संरक्षित ठरतो, परंतु हे तत्त्व ढाल म्हणून वापरता येते, तलवार म्हणून नव्हे."

मालक खोरं टेकवून उभे राहिले. अगदी अदबीने ऐकलं. मग काकूंकडे वळून म्हणाले, "पावनं बोलत्यात चांगलं. काय म्हनलं?"

काकूंनी सांगितलं, "देनाऱ्यानं शब्द मोडला म्हनून घेनाऱ्याला हुसकून लावता येत न्हाई. पन घेनारा मालक झाला का? न्हाई. त्याला नुस्तं बसून ऱ्हाता येतंय."

"आसं म्हना की," मालक म्हणाले आणि पुढच्या वाफ्याकडे गेले.

बसमधून परत येताना मला प्रचंड राग आला होता. काकूंचा, त्यांच्या पतीचा, त्या पाण्याचा. ज्याला आपण अडाणी समजतो त्याने आपलं म्हणणं समजून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न करावा आणि त्याला ते समजू नये, यासारखा अपमान नाही.

घरी वडील होते. ते एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. सुट्टीच्या दिवशी वर्तमानपत्रातल्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करत बसायचे. मी त्यांना म्हणालो, "बाबा, एक खटला सांगू?" आणि तोच सांगितला, माझ्या भाषेत. त्यांनी मान वर केली नाही.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितला.

"तुला कळलेला नाही," ते म्हणाले. "कळला असता तर वाक्य लहान झालं असतं."

"पण पुस्तकात असंच आहे."

"पुस्तकवाल्यालाही कळलेला नसेल. तुझं तू बघ."

त्या पावसाळ्यात मी त्यांना रोज एक खटला सांगत गेलो. पहिले पंधरा दिवस ते रोज "नाही" म्हणाले. सोळाव्या दिवशी, एका बाईने फार उशिरा लावलेल्या दाव्याची गोष्ट ऐकून म्हणाले, "हं. पण मग ती बाई इतकी वर्षं गप्प का होती?" आणि मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन आयुष्यात पहिल्यांदा एक न्यायनिर्णय पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. तीन तास लागले. उत्तर सातव्या पानावर होतं. मित्राच्या गाइडात त्या खटल्याचं नाव पिवळ्या रंगात होतं, एका भलत्याच मुद्द्याखाली.

काकूंनी मधल्या काळात आपलं साठेखत स्वतःच सोडवलं होतं. घरात चार जाणती माणसं बोलावून त्यांनी थोरल्या दिरांसमोर तो कागद ठेवला आणि एकेक ओळ वाचून त्यांनाच अर्थ विचारला. भांडण नाही, आवाज नाही. तिसऱ्या ओळीला दिरांनी कबूल केलं की सही करण्याआधी त्यांनी कागद वाचलाच नव्हता. साठेखताने वावर जात नाही, ताबा अजून दोघांचा आहे, आणि धाकट्याने वाटपाचा दावा लावला तर बांधकामवाल्याला पुढची कैक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या मोजाव्या लागतील, हे काकूंनी साध्या शब्दांत सांगितलं. बांधकामवाल्याने वकिलाला विचारलं. वकिलानेही तेच सांगितलं. कागद नवा झाला, थोरल्यांच्या निम्म्याचाच. थोरल्या दिरांनी त्यानंतर या घराशी बोलणं टाकलं. काकूंनी त्याचं दुःख केलं नाही, निदान माझ्यासमोर नाही.

हे सगळं मी पाहिलं-ऐकलं होतं, त्यामुळे पुढे मी जे केलं त्याला काही सबब नाही.

शेवटच्या वर्षाचा निकाल फळ्यावर लागला. मित्र पहिला. काकू दुसऱ्या. मी चौथा. काकूंनी परीक्षेत आमच्याच पद्धतीने लिहिलं होतं: व्याख्या, चार मुद्दे, रेघा, दोन नावं. परीक्षेचं परीक्षेला आणि कोर्टाचं कोर्टाला, असं त्यांनी मला एकदा सांगितलंही होतं. मित्र फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, "मराठीतून लिहिणाऱ्यांना हात सैल सोडतात." आणि मी हसलो. नुसता हसलो नाही. म्हणालो, "आणि बाईमाणूस म्हणून आणखी थोडा."

काकू मागेच उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, फळ्यावर आपला नंबर बोटाने शोधला, खात्री केली. मग माझ्याकडे वळल्या.

"दादा, लिवायला तर तुमीच शिकवलं हुतं. मग सैल हात तुमचाच आसंल."

एवढं बोलून त्या बसस्टॉपकडे गेल्या. मित्र म्हणाला, "सोड रे." मी सोडलं. मी तेव्हा सगळंच सोडायचो.

मित्र पुढे प्राध्यापक झाला. त्याने स्वतःचं गाइड लिहिलं. ते अजून खपतं. त्यात आतल्या पानांवर चार रंगांची छपाई आहे आणि मुलं त्याला त्याबद्दल दुवा देतात. तो कधी कोर्टात उभा राहिला नाही. मला त्याचा हेवा वाटत नाही असं मी बरीच वर्षं सांगत आलो आहे.

मी एका ज्येष्ठ वकिलांकडे लागलो. स्वतः पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा कलमापासून सुरुवात केली. न्यायाधीश थोडा वेळ ऐकून म्हणाले, "वकीलसाहेब, कलम मलाही माहीत आहे. तुमच्या अशिलाचं म्हणणं काय आहे?" मी कागद चाळायला लागलो. वडिलांबरोबरचा तो पावसाळा मी अंगाला लागू दिला नव्हता. परीक्षा जवळ आली तसा मी पुन्हा माडीवर जाऊन गजर लावून म्हणायला लागलो होतो. सवय म्हणजे दुसरं काय. सोपी म्हणून लागते आणि सोपी म्हणून टिकते.

सात वर्षांनी एका दाव्यात काकू माझ्यासमोर उभ्या राहिल्या. तोवर त्यांची बिबवेवाडीत चांगली वकिली चालू होती. वावराच्या निम्म्यावर इमारत उभी होती, उरलेल्या निम्म्यात त्यांचं घर आणि पुढे ऑफिस. पदर डोक्यावरच, वर काळा डगला. दावा दोन शेजाऱ्यांमधल्या एका भिंतीचा होता. माझ्या अशिलाचं म्हणणं, भिंत आपल्या हद्दीत आहे आणि शेजाऱ्याने तिला पत्रा टेकवलाय. माझ्याकडे न्यायनिर्णयांची चळत होती. काकूंकडे तीच रेघांची वही होती, म्हणजे तशीच दुसरी. माझ्या अशिलाला उलटतपासणीत त्यांनी अकरा प्रश्न विचारले, सगळे भिंतीबद्दल. वीट कुठल्या बाजूने लावलीय. गिलावा आधी कुणी केला. पावसात कुठली बाजू ओली होते. माझा अशील प्रत्येक प्रश्नाला खरं बोलला आणि दावा हरला.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्याजवळ गेलो. म्हणालो, "काकू, निकालाच्या दिवशी फळ्यासमोर मी जे बोललो होतो..."

"ध्यानात हाय माझ्या."

"माझं चुकलं."

असू द्या, झालं गेलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या. मग वही पिशवीत टाकत विचारलं, "वकीलसाहेब, भिंत बघितली का तुमी?"

मी म्हणालो, "नाही."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या आणि पुढच्या कोर्टात गेल्या, तिथे त्यांचा पुकारा झाला होता.

रविवारी मी भिंत बघायला गेलो. अशिलाला वाटलं मी सांत्वनाला आलोय. त्याने चहा केला. मी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी फिरलो. शेजाऱ्याच्या बाजूला पायथ्याशी एक जुनं दगडी गटार होतं, आणि ते माझ्या अशिलाच्या घराचं पाणी वाहून नेत होतं, कैक वर्षांचं. म्हणजे निदान त्या गटारावर शेजाऱ्याचा एकट्याचा हक्क नव्हता. मी ऑफिसात येऊन दाव्याचे कागद उपसले. कोर्टाने जागेची पाहणी करायला नेमलेल्या माणसाने नकाशा काढला होता, आणि त्यात ते गटार स्वच्छ दाखवलं होतं. नकाशा दीड वर्ष माझ्या कपाटात पडून होता. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

अपिलाची मुदत अजून शिल्लक होती. मी अपिलाचा मसुदा लिहिला आणि रात्री जेवणानंतर वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली आणि एका ठिकाणी विचारलं, "हे गटार तू आधी का नाही सांगितलंस?" मी म्हणालो, बघितलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि पुढे वाच म्हणाले.

अपिलात मला निम्मं मिळालं. गटारातून पाणी सोडण्याचा हक्क माझ्या अशिलाचा ठरला, भिंत शेजाऱ्याची राहिली. भिंतीवर काकूंनी मला बोटही ठेवू दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. भिंत त्यांच्या अशिलाचीच होती.